मोटारीचे दात

बैल विकत घेणारा मनुष्य प्रथम त्याचे तोंड उघडतो. आमचे वडील पेशाने शिक्षक. तथापि घरी थोडी कोरडवाहू जमीन असल्याकारणाने, सोलापुरास सिद्धेश्वराच्या यात्रेत जो जनावरांचा बाजार भरे त्यात आम्ही लहानपणी त्यांचे बोट धरून हिंडलो आहो. आणि दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, हा बैलाच्या वयाचा पाढा आम्हांस बाराखडीच्या मागोमाग पाठ झाला होता. पुढे आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात ह्या विद्येचा उपयोग कधी पडला नाही. तो पडला २०२५ च्या मार्गशीर्षात, मैंदर्गीस, आणि तोही एका मोटारीच्या बाबतीत.

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील गाव. कर्नाटकाच्या सीमेस ते इतके खेटून आहे की ओसरीवर कानडी आणि कागदावर मराठी, अशी तेथील घरांची वाटणी झालेली असते. आमची चुलत बहीण अक्का तेथे दिली, तेव्हा आम्ही मराठी चौथीत होतो. दाजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, २०१६ साली एक मध्यम आकाराची सेडान नवी घेतली. (तिचे कुळ आम्ही सांगत नाही, जे दोष पुढे येतील ते उभ्या राहिल्याचे आहेत, कुळाचे नव्हेत.) दाजी जाऊन दोन वर्षे झाली, आणि गाडी तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. अक्काचा फोन आला. "तू शिकलेला माणूस. एकदा येऊन बघून जा आणि किती येतील ते सांग. इथं जो तो मला वेगळंच सांगतोय."

अक्कास ठाऊक नव्हते ते एवढेच, की सहा महिन्यांपासून आम्ही स्वतःच एका सेडानच्या शोधात होतो.

हा शोध आम्ही प्राध्यापकी रीतीने, म्हणजे तक्ते करून, चालविला होता. सेडान हे वाहन हल्ली लोकांच्या मनातून उतरले आहे. ज्याला त्याला डोंगर चढावयाच्या उंच गाडीत बसून मंडईतून कोथिंबीर आणावयाची असते. पुढे यंत्र, मध्ये माणसे आणि मागे सामान, अशी तीन खोल्यांची ही जुनी, समंजस रचना आम्हांस मात्र अजून प्रिय आहे. शेंगाचटणीचे डबे आणि भिजलेल्या छत्र्या माणसांच्या श्वासात मिसळू नयेत, हा तीत मोठाच विवेक आहे. शिवाय बुटकी गाडी वळणावर झुकत नाही. उलट बाजू अशी की तीत बसताना गुडघे कुरकुरतात, आणि आमच्याकडील गतिरोधक तिच्या पोटाशी सलगी करू पाहतात. ह्यासाठी आम्ही जमिनीपासूनचे अंतरही तक्त्यात घातले होते. चाकणच्या कारखान्यात होणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टस ह्या जुळ्या बहिणींचे ते १७९ मिलिमीटर आहे. डिकी व्हर्नाची ५२८ लिटर, ह्या दोघींची ५२१ आणि सिटीची ५०६. अपघाताच्या कसोटीत २०२३ साली ह्या दोघींस आणि व्हर्नासही पाच पाच तारे मिळाले. आमच्या सौभाग्यवतींनी हा तक्ता शांतपणे वाचला आणि, "किमतीचा रकाना शेवटी का?" एवढेच विचारले.

किमतीचा रकाना शेवटी होता, कारण तो वाचवत नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील वस्तू व सेवा कर बदलला, तेव्हा चार मीटरांच्या आतील लहान गाड्यांवर तो अठरा टक्क्यांवर आला. चार मीटरांहून लांब असणाऱ्या आमच्या सेडानवर पूर्वी उपकर धरून पंचेचाळीस होता, तो चाळीस झाला. त्यावर दहा ते वीस लाखांच्या पेट्रोलगाडीस राज्याचा एकरकमी कर बारा टक्के. आमच्या मनातील गाडी रस्त्यावर येईतो चौदा लाखांच्या घरात जात होती, आणि आमच्या निवृत्तीस पाच वर्षे उरली होती. म्हणून 'जुनी घ्यावी' हा विचार बळावला. आणि त्याच सुमारास अक्काचा फोन आला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

जुन्या मोटारीची किंमत कशी ठरते, ह्यास शास्त्र असे थोडेच आहे. विमेवाल्यांचा एक कोष्टक-न्याय आहे. त्याप्रमाणे वाहनाची किंमत वर्ष पुरे होण्याच्या सुमारास पंधरा टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षात वीसांनी, मग तीस, चाळीस, आणि पाचव्या वर्षात पन्नास टक्क्यांनी उतरलेली धरतात. पाच वर्षांच्या पुढे उभयतांनी संमतीने काय ते ठरवावे, असे म्हणून शास्त्र हात टेकते. शास्त्रापेक्षा काळ बलवत्तर. वालचंद हिराचंद हे १८८२ साली आमच्या सोलापुरात जन्मले. त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापिली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फिआट आणि तिचीच पद्मिनी बाहेर पडली. त्या दिवसांत नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे हाती असलेली जुनी गाडी कित्येकदा नवीहून अधिक किमतीस जाई! दाजींची पहिली गाडी अशीच जुनी पद्मिनी होती. गिअरची दांडी स्टेअरिंगपाशी, पुढचे आसन बाकासारखे सलग. त्यावर दाजी, अक्का आणि मध्ये आम्ही, असे बसून अक्कलकोटास गेल्याचे आम्हांस स्मरते. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उठली, तेव्हा दाजींनी वर्तमानपत्रातील तिचे चित्र कापून ठेविले होते. ते गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात.

आता आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मैंदर्गीस निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही एका चिठ्ठीवर 'चार लाख' असा आकडा लिहून ती खिशात ठेविली होती. सोलापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाने नुसत्या छायाचित्रांवरून चार लाख दहा हजार सांगितले होते. आम्ही त्याच्याहूनही दहा हजार खाली होतो. गाडी अजून पाहिलेली नव्हती. चार लाखच का, ह्याची कारणे गोळा करण्यासाठी आम्ही मैंदर्गीस चाललो होतो, असे आता लिहिताना दिसते. त्या वेळी आम्ही त्यास पूर्वतयारी म्हणत होतो.

सकाळी अक्कलकोटहून मिस्त्री आला. प्रथम आम्ही दात पाहिले. मोटारीचे दात तिच्या टायरांवर असतात. टायरच्या अंगावर चार आकडे उठविलेले असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. चारही चाकांवर २२१६ निघाले, म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा. नक्षी खोल होती, कारण गाडी अवघी एकेचाळीस हजार किलोमीटर चालली होती. परंतु रबर न चालताही म्हातारे होते, आणि बाजूंस बारीक चिरा पडल्या होत्या. 'टायर चार,' असे आम्ही लिहिले, आणि लिहिताना आम्हांस आनंद झाला. बॅटरी मेलेली होती. आनंद. बॉनेटखालचे अस्तर उंदरांनी कुरतडले होते. त्याहून आनंद. हातब्रेक ओढलेल्या स्थितीत राहून आत धरला होता. टाकीतील पेट्रोल दोन वर्षांचे. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते हवेतील ओल पिते, म्हणून मिस्त्रीने ते सारे काढून टाकविले. शिवाय एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या ह्या वीस टक्क्यांसाठी घडविलेल्याच नाहीत, म्हणून नळ्या आणि रबरी भाग पुढेमागे पाहावे लागतील, असेही तो म्हणाला. आम्ही तेही लिहून घेतले. मेहुण्याच्या गाडीत दोष सापडावा म्हणून इतक्या उत्कंठेने वाकणारा मनुष्य आम्ही स्वतः आहो, हे त्या क्षणी आमच्या ध्यानात आले नाही.

गुण सांगण्याची पाळी मिस्त्रीची होती. दारांच्या व बॉनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट कधी फिरविलेले नव्हते, म्हणजे गाडी कोठे आदळून पुन्हा जुळविलेली नव्हती. नवी बॅटरी जोडून यंत्र सुरू केले तेव्हा मागून आलेला धूर क्षणभर पांढरट होता, तो लागलीच विरला. निळा असता तर तेल जळते, काळा असता तर इंधन वाया जाते. "इंजिनाला हात लावायची गरज नाही, सर," तो म्हणाला. कागद जाग्यावर नसल्याने गाडी रस्त्यावर नेली नाही. आवारातच पुढेमागे केली. क्लच जेथे धरावयाचा तेथेच धरीत होता. आम्ही ह्यांतले काही लिहिले नाही.

मग पुढचा खण उघडला, त्यात दाजींची वही निघाली.

साधी दोनशे पानी वही. तारीख, मीटरचा आकडा, लिटर, रुपये, आणि शेवटी 'कोण व कोठे'. नऊ वर्षांपूर्वीच्या पहिल्या दिवसापासून एकही ओळ सुटलेली नव्हती. तेल कधी बदलले, ब्रेक कधी घासून घेतले, सारे होते. बाजाराच्या दृष्टीने अशी वही म्हणजे सोनेच; गाडीचा इतिहास खरा असल्याचा तो पुरावा, आणि तिने पंचवीस-तीस हजार सहज वाढतात. आम्ही ती सरासरी काढण्यासाठी चाळू लागलो. 'अक्का, सोलापूर, डोळे.' 'आडत, दुधनी.' 'गाणगापूर, शेजारची मंडळी.' आणि २०१९ च्या जुलैतील एका पानावर: 'काकू. सोलापूर. रात्री १ वा. पेट्रोल भरले नाही, घाई.'

काकू म्हणजे आमच्या मातोश्री. त्या चार दिवसांसाठी अक्काकडे आल्या होत्या, आणि आम्ही हैदराबादेस परीक्षकांच्या बैठकीत होतो. रात्री छातीत दुखू लागले. सकाळी आम्हांस कळले तेव्हा त्या रुग्णालयात सुखरूप होत्या, आणि त्यानंतर चार वर्षे जगल्या. त्या रात्री त्यांस कोणी, कसे नेले, हे आम्ही कधी सविस्तर विचारले नव्हते. त्या ओळीत रुपयांचा रकाना रिकामा होता.

दुपारी भाकरी, तुरीची आमटी आणि ठेचा झाल्यावर अक्काने विचारले, "मग? किती म्हणतोस?"

चिठ्ठी खिशातच होती. आम्ही अक्कास प्रथम हे सांगितले की गाडी आम्हांसच हवी आहे, आणि ती हवी असल्याचे आम्ही फोनवरच सांगावयास हवे होते. अक्का हसली. "मग घेऊन जा की रे. तुझ्याकडून पैसे काय घ्यायचे?"

ह्याहून अवघड उत्तर तिला सुचले नसते. सुदैवाने सौभाग्यवती बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "अक्का, फुकट नेली तर ह्यांना झोप लागायची नाही, आणि स्वस्तात नेली तर मला. तुम्ही तिसऱ्या कुणाला तरी बोलवा."

तिसरे म्हणून शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले. दुधनीच्या आडतीवर तुरीचे भाव करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली, आमचा दोषांचा कागद वाचला, मिस्त्रीशी कानडीत चार शब्द बोलले, वही उघडून मिटली, आणि खांद्यावरचे उपरणे आमच्या हातावर टाकून खालून हात धरला. पन्नास वर्षांनी तो स्पर्श ओळखीचा वाटला. आमच्या वडिलांचा हात बाजारात असाच उपरण्याखाली जाई. प्रथम चार बोटे दाबली. मग हात सोडून पाच, आणि वर एक. चार लाख साठ हजार. आम्ही टायरांच्या नावाने चारवर एक, असे उलट दाबून पाहिले. गृहस्थांनी पुन्हा पाच आणि एक, ह्या खेपेस अधिक जोराने दाबले आणि मोठ्याने म्हणाले, "टायर तुमचे." मग आम्ही तेवढ्यावर हात हलविला. आकडा बरोबर होता किंवा नव्हता, हे आम्ही आता तक्त्यात घालून पाहणार नाही.

खरी अडचण पुढे निघाली. गाडी अजून दाजींच्या नावावर होती. मालक वारल्यास तीस दिवसांत कळवावे व तीन महिन्यांत वारसाने ३१ क्रमांकाचा फॉर्म भरून ती आपल्या नावे करून घ्यावी, असा नियम आहे. त्याचे कोणास भान राहिले नव्हते, आणि विमाही दाजींच्याच नावे दरवर्षी भरला जात होता. म्हणजे गाडी आधी अक्काची व्हावयाची, आणि मग २९ व ३० क्रमांकाच्या फॉर्मांनी आमची. आम्ही फॉर्म आणून दिले. मृताच्या नावाच्या ओळीपाशी अक्का पेन धरून थांबली. "इथं कैलासवासी लिहू का?" तिने विचारले. आरसी बुकात आहे तसेच लिहावे, असे आम्ही सांगितले. तिने तसे लिहिले. अक्षर दाजींच्या वहीतल्याहून सुबक होते.

हे लिहीत असता कागद सोलापूरच्या परिवहन कार्यालयात आहेत आणि गाडी मैंदर्गीसच. पैसे आम्ही अक्काच्या खात्यात भरले. वही गाडीबरोबर यावी, असे आम्ही एकदा, मग दुसऱ्यांदा सुचवून पाहिले. अक्का म्हणाली, सौदा गाडीचा झाला, वहीचा नाही.