घर किती ओढायचं? ऊडनाडाटाच्या वाटेसाठी कॅरव्हान निवडताना

ऑस्ट्रेलियात नोकरीला असलेल्या मुलांकडे आई-बाबा आले की कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. सिडनीचं ऑपेरा हाऊस, मेलबर्नजवळचा ग्रेट ओशन रोड, कांगारू आणि उरलेले दिवस नातवंडांबरोबर घरात. आम्ही ॲडलेडला राहतो. गेल्या वर्षी आई-बाबा बेळगावहून तीन महिन्यांसाठी आले. बाबांनी भिंतीवरचा नकाशा बघून सांगितलं, "शहरं झाली बघून. हा मधला लाल भाग दाखव की."

बाबा ६८ वर्षांचे. उद्यमबागेत लेथवर उभं राहून आयुष्य काढलेले, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आईला रात्री दोनदा उठावं लागतं. त्यामुळे जमिनीवरचा तंबू दोघांसाठी बाद. त्या भागात हॉटेलं मोजकी आणि शेकडो किलोमीटर अंतरावर. मग राहिली कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. भाड्याच्या कॅरव्हान बहुतेक ठिकाणी कच्च्या रस्त्यावर नेऊ देत नाहीत, म्हणून वापरलेली एखादी विकत घ्यायचं ठरवलं. आपली बरीच मुलं आता इकडे स्थायिक आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून ही निवड कशी केली ते लिहितोय.

आधी रस्ता समजून घेतला. ऊडनाडाटा ट्रॅक हा दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरी या गावापासून मार्लापर्यंतचा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता. चढ-उतार फारसे नाहीत, चोर्ला घाटासारखी वळणं तर नाहीतच. त्रास वेगळाच आहे. वाहनांच्या सततच्या जाण्या-येण्याने मातीवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात आणि त्या तासन्‌तास संपत नाहीत. गाडीला शॉक ॲबसॉर्बर असतात, आतल्या माणसांना मऊ सीट असते. मागच्या घरातली कपाटं, नळ, स्क्रू, वायरी मात्र ही थरथर सगळी अंगावर घेतात. वर टाल्कम पावडरीसारखी लाल धूळ. मोबाइलची रेंज जवळजवळ नाही. तिथे ॲक्सल तुटला तर गाडी ओढून न्यायला मदत येईपर्यंत दिवस जाऊ शकतो आणि खर्च हजारो डॉलरचा. सोबत वयस्कर माणसं असताना हा विचार डोक्यातून जात नाही.

शोरूममधली पहिली कॅरव्हान २१ फुटी होती. दोन ॲक्सल, वॉशिंग मशीन, मोठा फ्रिज, मुलीसाठी बंक, आईला आवडेल असं न्हाणीघर. विक्रेता म्हणाला, "तुमची गाडी ३००० किलो ओढते, काही प्रश्न नाही." बाबांनी घरी येऊन वही काढली.

कॅरव्हानवर दोन वजनं लिहिलेली असतात. टेअर म्हणजे रिकामी असतानाचं आणि एटीएम म्हणजे भरून कमाल किती चालेल ते. ही कॅरव्हान रिकामीच २६०० किलोची होती. पाणी, गॅस, सामान भरल्यावर ती ३१००च्या वर जाणार. म्हणजे मर्यादा तिथेच ओलांडली.

दुसरा हिशोब अनेकांच्या लक्षात येत नाही. कॅरव्हानच्या वजनाचा साधारण दहावा भाग पुढच्या जोडावर, म्हणजे गाडीच्या मागच्या हुकावर टेकतो. तो कमी असेल तर वेगात कॅरव्हान शेपटीसारखी डोलायला लागते. यल्लम्माच्या जत्रेसाठी ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतो. इथे बैलांच्या जागी आमची गाडी. भरलेली टाकी सोडून तिच्यावर ६०० किलो भार चालतो. मोठ्या कॅरव्हानचे ३१० किलो हुकावर आले की उरले २९०. आम्ही चार मोठे आणि एक पाच वर्षांची मुलगी, मिळून ३०० किलो. पाण्याची बाटलीसुद्धा न घेता गाडी मर्यादेबाहेर!

दुसऱ्या टोकाला कापडाचा घडीचा कॅम्पर ट्रेलर. हलका, मजबूत, स्वस्त. पण रोज संध्याकाळी उघडायचा, झोपायला शिडी चढायची आणि रात्री उठायचं तर थंडीत बाहेर. बाबांच्या गुडघ्यापुढे हा पर्याय टिकला नाही.

शेवटी घेतली ती १६ फुटी, एका ॲक्सलची. रिकामी १९५० किलो, कमाल २५००. आमचा जमाखर्च असा: पाण्याच्या दोन टाक्या १९० किलो, गॅसचे दोन सिलिंडर ३६, धान्य-भांडी-अंथरूण-कपडे १४०, हत्यारं आणि जादा चाक ६०. एकूण २३७६. हुकावर सुमारे २४० आणि माणसं बसल्यावरही गाडीत ६० किलोची जागा शिल्लक. निघण्यापूर्वी वजनकाट्यावर नेऊन खात्री केली. आत एक पलंग आणि छोटं संडास-न्हाणीघर, ते आई-बाबांना. आम्ही तिघं शेजारी तंबूत. वॉशिंग मशीन नाही म्हटल्यावर आई म्हणाली, "बादली आहे न्हवं? मग झालं."

वजन जमल्यावर बाबा प्रत्येक कॅरव्हान आतून बघायच्या आधी खालून बघायला सांगायचे. स्वतःला वाकता येत नव्हतं, मग मी आडवा होऊन फोनवर फोटो काढायचो आणि ते वेल्डिंग तपासायचे. चासीवर जस्ताचा मुलामा आहे का, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आणि शॉक ॲबसॉर्बर आहेत का, पाण्याचे पाइप खाली लोंबताहेत की वर बांधलेत, टाक्यांखाली पत्रा आहे का, पुढे दगड अडवायला जाळी आहे का. चाकं शक्यतो ओढणाऱ्या गाडीच्याच मापाची हवीत, म्हणजे स्टेपनी दोन्हीकडे चालते. जोड नेहमीच्या गोळ्याचा नको, सगळ्या दिशांना फिरणारा हवा. खड्ड्यात गाडी एकीकडे आणि कॅरव्हान दुसरीकडे कलते तेव्हा त्याची गरज कळते.

धुळीसाठी सोपी परीक्षा आहे. भर दुपारी आत जाऊन दार-खिडक्या लावायच्या, दिवे बंद करायचे. जिथून उजेड येतो तिथून धूळ येणार. गॅससाठी ठेवलेली हवेची भोकं कायमची बुजवायची नसतात. त्यापेक्षा छतावर गाळणी असलेला झरोका बघा. चालत्या गाडीत तो स्वच्छ हवा आत दाबतो, त्यामुळे धूळ बाहेर राहते.

आणि वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा. दारावर 'ऑफ-रोड' असं मोठं स्टिकर असतं आणि आत बारीक अक्षरात कच्च्या रस्त्याचं नुकसान वगळलेलं असतं. आमच्या यादीतल्या दोन कॅरव्हान यावरूनच गळल्या.

जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात निघालो. उन्हाळ्यात तिकडे पारा ४५च्या वर जातो, त्यामुळे मे ते ऑगस्ट हा काळ बरा. मरीला उंटवाल्यांच्या जुन्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती आहे. १८६६ मध्ये कराची बंदरातून शंभराहून जास्त उंट ऑस्ट्रेलियात उतरले. त्यांच्याबरोबर आणि नंतरही अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाबातली माणसं आली आणि या वाळवंटाचा माल त्यांनी उंटांवर वाहिला. दोन्ही बाजूंना सारखं वजन बांधणं ही त्यांची रोजची विद्या. बाबा त्या फलकासमोर बराच वेळ उभे होते.

टायरमधली हवा ३८ वरून २८ पीएसआयवर आणली आणि वेग साठच्या आसपास ठेवला. काटी थंडा–लेक एअर या मिठाच्या सरोवराचा दक्षिण भाग रस्त्यावरून दिसतो. सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली जातो. कावर्ड स्प्रिंग्जला खजुराच्या झाडांखाली मुक्काम केला. तिथल्या कोमट पाण्याच्या हौदात बाबा गुडघा बुडवून तासभर बसले. पुढे जुन्या घान रेल्वेचा अल्जेबकिना पूल, ५७८ मीटर लांबीचा. त्याचे रिव्हेट त्यांनी हात लावून बघितले.

विल्यम क्रीकला रात्री पाऊस पडला आणि सकाळी रस्ता बंद. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड होतो, शिवाय चिखलात रुतण्याची भीती. एक दिवस जास्त थांबलो. टाकीत पाणी होतं, सिलिंडर भरलेला होता. आईने मुगाची खिचडी केली आणि शेजारच्या कॅरव्हानमधल्या आजी-आजोबांनाही दिली.

मार्लाला डांबर लागलं तेव्हा दोन कपाटांच्या कड्या सैल होत्या आणि दाराखाली धुळीची एक रेघ होती. बाकी सगळं जागच्या जागी. बाबा रोज संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन फेरी मारत, त्याचाही यात वाटा आहे.

तुम्हीही अशा तयारीत असाल तर शोरूममध्ये जाण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा: रस्ता कोणता, माणसं कोण, गाडी किती भार घेते. त्यात बसेल तेवढंच घर ओढा. आणि आई-बाबांना न्यायचं असेल तर फार वर्षं पुढे ढकलू नका. कॅरव्हान पुढच्या वर्षीही मिळेल, पण गुडघे तसेच राहतील असं नाही.