फोटो आपला, पण छापणारा कोण?

तालुक्याच्या वर्तमानपत्रासाठी फोटो काढणाऱ्या माणसाबद्दल कुणी लिहीत नाही. बातमीदाराचे नाव तरी छापले जाते, याच्या वाट्याला तेही क्वचितच येते. चळवळीच्या कामात आम्ही अशा एका बंधूंबरोबर अनेक वर्षे फिरलो, म्हणून लिहितो.

ते आपल्याच वस्तीतले. पगार नव्हता; फोटो छापून आला तर पैसे. घर चालायचे पासपोर्ट फोटोंवर आणि लग्नाच्या ऑर्डरींवर. रोलच्या काळात छत्तीस फोटोंचा हिशेब ठेवून ते मोर्चा टिपायचे आणि रोल पाकिटात घालून रात्रीच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. सकाळी अंक उघडावा तर पहिल्या पानावर पुढाऱ्याचे फीत कापणे आणि मोर्चा आत, बोटभर. ६ डिसेंबरचेही तेच. चैत्यभूमीची शिस्तबद्ध रांग, शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे स्टॉल बाजूला राहतात. गर्दी आणि कचरा तेवढा निवडला जातो. कॅमेरा खोटे बोलत नाही म्हणतात. पण फोटो निवडणारे टेबल कुणाचे, हा खरा प्रश्न आहे.

एकदा एका गावात आपल्या माणसांची घरे फोडली गेली. पंचनाम्याआधी हे तिथे पोहोचले. फुटलेली कौले, मातीत सांडलेली ज्वारी, विहिरीत टाकलेली भांडी सगळे टिपले. अंकात एकही फोटो आला नाही. तेच फोटो आम्ही तक्रारीला जोडले. त्यानंतर आसपासच्या गावांतून त्यांना लग्नाच्या ऑर्डरी येणे बंद झाले. हा बहिष्कारच. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून सामाजिक-आर्थिक बहिष्कार स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. पण 'ऑर्डर दिली नाही' हे बहिष्कार म्हणून सिद्ध कोण करणार?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला, कारण इतरांच्या पत्रांत बहिष्कृतांच्या प्रश्नाला जागा नव्हती. जे शब्दांचे तेच चित्रांचे. आपले फोटो आपणच जपले नाहीत तर उद्या आपला लढा झालाच नव्हता असे सांगितले जाईल.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात एक कपाट यासाठी ठेवा. जुन्या निगेटिव्ह ओलीपासून वाचवा. फोटोमागे तारीख, गाव, प्रसंग लिहा. मोबाईलमधली मूळ फाईल पुसू नका. न्यायालयात डिजिटल फोटोसोबत प्रमाणपत्र लागते, तेव्हा ती उपयोगी पडते. आणि घरच्या लग्नाची ऑर्डर द्यायची असेल तर आधी आपल्या फोटोग्राफरला विचारा. त्याचे दुकान चालले तरच तो उद्या पंचनाम्याआधी पोहोचेल.

जय भीम!