इयाच्या दरीत

आज जपानच्या शिकोकू बेटावरच्या इया दरीत पोहोचले. डोंगर इतके उभे, की घरं उताराला बिलगून बसलेली. 1185 च्या युद्धात हरलेले हेइके घराण्याचे योद्धे इथे लपले, असं लोक सांगतात. शत्रू आलाच तर झटकन तोडता यावा म्हणून पूल वेलींचा, हीही इथलीच आख्यायिका.

दुपारी त्या पुलावर पाऊल टाकलं. लांबी 45 मीटर, खाली 14 मीटरवर हिरवं पाणी, फटींतून सतत दिसणारं. वेली रानातल्या, किवीच्या कुळातल्या. आता आत पोलादी तारा आहेत, तरी दर 3 वर्षांनी पूल नव्याने विणतात. जुनं टिकतं ते असं पुन्हा पुन्हा हात लावल्यामुळे, हे आज कळलं.

संध्याकाळी जमिनीतल्या चौकोनी शेगडीपाशी बसले. काठीला टोचलेले बटाटे, घट्ट टोफू, वर मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, लेप. मग इयाचा सोबा, कुट्टूच्या शेवया. जाड, आखूड, उचलताच तुटणारा, कारण कुट्टूच्या पिठात दुसरं पीठ फारसं मिसळत नाहीत. जिथे भातशेती अवघड, तिथे कुट्टूनेच माणसं जगवली. तो खरबरीत घास गिळताना डोळे भरून आले. बाहेर नदीचा आवाज अजून चालूच आहे.