खिडकीतलं मीठ

उरणमध्ये धूळ एकटी येत नाही, येताना मीठ घेऊन येते. मोरा बंदर, पीरवाडीचा किनारा, करंजाची खाडी, जिकडून वारा सुटेल तिकडून तो खारा. त्यात बंदराच्या रस्त्यांवर रात्रंदिवस धावणाऱ्या ट्रेलरांची धूळ मिसळते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, ओलं मीठ धूळ धरून ठेवतं आणि सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत काही महिन्यांतच काळपट, चिवट थर बसतो. नुसतं ओलं फडकं मारलं तर त्याचा चिखल होतो. बादलीने पाणी ओतलं तर तो चिखल पाणी जायच्या भोकात जाऊन बसतो आणि पहिल्याच मोठ्या सरीला पाणी घरात शिरतं. म्हणून तो आधी कोरडाच खरवडायचा. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरला कापड गुंडाळून कोपरे काढायचे, जुन्या टूथब्रशने पट्टी घासायची, सुटलेली भुकटी व्हॅक्यूमने ओढून घ्यायची आणि शेवटी गोड्या पाण्याचं फडकं दोनदा फिरवायचं. पहिल्या हाताला मीठ विरघळतं, दुसऱ्या हाताला निघतं.

हे सगळं मला माझ्या चुलतवहिनीने सांगितलं. तिची आई मिठागरात काम करायची. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा आणि उन्हाळ्यात पांढरे ढीग बांधावर ओढून घ्यायचे, हे वहिनीने लहानपणी पाहिलेलं. मीठ कधी ओल धरतं, कधी कोरडं पडतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. मिठागर गेलं. मिठाची जाण मात्र तिच्या हातात राहिली, आणि आज वहिनी आणि बचत गटातल्या तिच्या तीन मैत्रिणी द्रोणागिरी नोडमधली, म्हणजे सिडकोच्या नव्या वसाहतीतली, घरं साफ करतात ती याच जाणकारीवर.

तिच्या धंद्याबद्दल लिहायचं म्हणजे गिऱ्हाइकाबद्दल लिहायला हवं. हात होते, काम होतं, घरंही हजारांनी होती. अडत होतं ते हात आणि घरं यांच्यामधल्या वाटेवर.

ती वाट का नव्हती हे समजायला थोडं मागे जावं लागतं. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. जानेवारी 1984 मध्ये जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि नवघरला जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी उभे राहिले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. 1989 मध्ये न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं. शेतं, खाजण, मिठागरं भरावाखाली गेली. मग बराच काळ नोडमधल्या इमारती नुसत्या उभ्या होत्या. संध्याकाळी मोजक्याच खिडक्यांत दिवा दिसायचा. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलचंही. ज्या गावाला मुंबई गाठायला मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच नाहीतर बसचा लांबचा वळसा होता, ते लोकलच्या पाट्यांच्या जगात आलं. दिवे वाढले. डोंबिवलीचे, मानखुर्दचे, साताऱ्याचे, बिहारचे, केरळचे लोक राहायला आले.

या लोकांना गावातलं कुणी ओळखत नाही आणि गावाला ते ओळखत नाहीत. गावात तर घर साफ करायला पैसे देऊन कुणाला बोलवायचं, ही कल्पनाच नव्हती. गणपतीच्या आधी भिंतींना चुना लागायचा तेव्हा शेजारच्या दोघी-तिघी आपण होऊन यायच्या, पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे आपण जायचं. त्यामुळे हातात कसब होतं, पण ते विकायचं कसं याचा वारसा नव्हता.

सुरुवातीला जे सगळे करतात ते वहिनीनेही केलं. पत्रकं छापली, पेपरवाल्या पोराला देऊन अंकांत घालायला लावली. दोन-चार फोन आले ते बहुतेक धुण्याभांड्याच्या बाईसाठी. ती शांतपणे सांगायची, "ताई, आमी पूर्ण घर साफ करतो, रोजचं काम नाय घेत." पलीकडून फोन ठेवला जायचा. मग ती थेट इमारतींच्या दारी गेली. तिथला पहारेकरी विचारायचा, "कुठल्या फ्लॅटला जायचंय?" फ्लॅटचा नंबर सांगितल्याशिवाय वहीत नाव लिहीत नाहीत, आणि वहीत नाव नसेल तर आत सोडत नाहीत. गिऱ्हाईक असल्याशिवाय गिऱ्हाईक शोधायला आत जाता येत नाही, हा पेच लहान धंदा करणाऱ्या प्रत्येकाला भेटतो. मोठ्या कंपन्यांकडे जाहिरातीचे पैसे असतात, फोनमधलं ॲप असतं, त्यांना फाटक आपोआप उघडतं. आपल्या चार बायकांना ते उघडायला आतलं माणूस लागतं.

ते माणूस रंगारी निघालं. मला यातलं शहाणपण फार आवडतं, कारण ते वहिनीने स्वतः शोधलं. रिकाम्या घराची चावी सर्वांत आधी कुणाच्या हातात पडते, याचा तिने विचार केला. एजंटाच्या, मग सुताराच्या, मग रंगाऱ्याच्या. रंगारी काम संपवून जातो तेव्हा फरशीवर रंगाचे ठिपके असतात, काचांवर व्हाइट सिमेंटचे ओघळ असतात आणि मालकाला दोन दिवसांत सामान आणायचं असतं. त्या दोन दिवसांत माणूस खरोखर अडलेला असतो. गावच्याच ओळखीतल्या एका रंगाऱ्याला तिने सांगितलं, तुमच्या मागून आम्हाला बोलवा, तुमचंच काम उठून दिसेल. पहिली चावी तशी मिळाली. कमिशन द्यायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की रोख काही द्यायचं नाही, पण ज्या घरी आपण जाऊ तिथे रंगाची गरज दिसली तर याच रंगाऱ्याचं नाव सांगायचं. हे आजवर चालू आहे.

आत शिरल्यावरची तिची रीत मी एकदा जवळून पाहिली. काम रिकाम्या फ्लॅटचं होतं, मालकीणबाई नोकरीवरून थेट घर बघायला आल्या होत्या. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडं होतं, तिथल्या काकू उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. वहिनीने त्यांना विचारलं, "काकू, तुमची एक खिडकी करून दाखवू? पैसे नकोत." हॉलच्या खिडकीची दोन दारं. तिने एकाच दाराची पट्टी साफ केली. खरवडून निघालेली भुकटी कागदावर घेतली आणि काकूंच्या हातावर चिमूटभर ठेवली. "जिभेला लावून बघू नका, पण मीठ आहे हे. पावसाळ्यात हेच पाणी ओढतं आणि तुमच्या भिंतीला ओल दाखवतं." साफ केलेलं दार तिने एका बोटाने सरकवलं. दुसरं दार काकूंना सरकवायला सांगितलं, ते दोन्ही हातांनी ओढावं लागलं. वहिनी पुढे काही बोलली नाही, आपल्या कामाला परत गेली. जाताना काकूंनीच नंबर मागितला, आणि त्या मजल्यावरच्या आणखी एका घराचं नावही सांगितलं.

अर्धी खिडकी साफ करून अर्धी तशीच ठेवण्याइतकी खरी जाहिरात मी दुसरी पाहिली नाही. तिथे शब्द खोटे ठरायला जागाच नाही.

दराबद्दल मात्र माझं आणि तिच्या मैत्रिणींचं सुरुवातीला पटत नव्हतं, आणि वहिनी माझ्या बाजूची होती. मैत्रिणींचं म्हणणं, पहिली कामं अगदी स्वस्तात करू, नाव झालं की वाढवू. मी धंदेवाला नाही, पण उरणमध्ये वाढलोय. इथल्या माणसाने जमिनीपासून कंत्राटी नोकरीपर्यंत सगळं पडत्या भावाने देऊन पाहिलं आहे. स्वस्तात आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी त्याच दराची आठवण करून देतं आणि आपल्यासारखंच घासाघीस करणारं दुसरं गिऱ्हाईक पाठवतं. म्हणून ठरलं की नमुना फुकट, काम पूर्ण दराने. दर आधी लेखी सांगायचा: किती खोल्या, किती खिडक्या, पंखे, स्वयंपाकघराची चिमणी वेगळी. काम झाल्यावर पावती. पावतीवर बचत गटाचं नाव आणि खाली सही. पावती बघून काही लोकांचा बोलण्याचा सूरच बदलतो, "अगं" चं "अहो" होतं. दुकाने व आस्थापना कायद्यात 2017 पासून मोजक्या माणसांच्या धंद्याला नुसती ऑनलाइन सूचना पुरते, हे कळल्यावर तीही देऊन टाकली. त्या कागदाची प्रत सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवली की फाटकावरचा प्रश्न निम्मा हलका होतो.

उरलेल्या निम्म्या प्रश्नासाठी पुण्याचं एक उदाहरण कामी आलं. तिथे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. 1993 मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कामातून ती उभी राहिली आणि 2008 मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. ज्या बायकांना लोक कचराकुंडीपाशी पाहून नाक मुरडायचे, त्याच ओळखपत्र घालून घरोघरी कचरा घ्यायला जाऊ लागल्या आणि घरमालक त्याचे पैसे देऊ लागले. हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "ओळखपत्राला फोटो लावतात का?" पुढच्या महिन्यात चौघींच्या गळ्यात फोटोची ओळखपत्रं होती, बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलेली.

गावातले एक ज्येष्ठ गृहस्थ मला म्हणाले, "आपल्याच जमिनीवरच्या बिल्डिंगा आपल्याच बायका झाडतात, याच्यासाठी गोळ्या खाल्ल्या का?" त्यांचं दुःख मी समजतो, त्या पिढीने काय सोसलं ते त्यांना माहीत. तरी मला त्यांचं म्हणणं मान्य नाही. कुणाच्या तरी ठेकेदाराच्या हाताखाली, दर महिन्याला बदलणाऱ्या हजेरीवर झाडू मारणं वेगळं. इथे दर वहिनी ठरवते, कुठलं घर घ्यायचं ते ती ठरवते, आणि जिथे उद्धटपणा झाला तिथे परत जायचं नाही हेही तीच ठरवते. असं एकदा झालंही. एका घरी काम झाल्यावर पिशव्या तपासायला मागितल्या. चौघींनी पिशव्या उघडून दाखवल्या, पैसे घेतले, पावती दिली, आणि त्या घराचा पुढचा फोन घेतला नाही. गिऱ्हाईक शोधताना कुणाला गिऱ्हाईक करायचं नाही हेही शोधावं लागतं.

बाकी वर्षभराचा हिशेब आता बसला आहे. गौरी-गणपती आणि दिवाळीच्या आधी श्वास घ्यायला वेळ नसतो. जुलैमध्ये कपाटांच्या मागे बुरशी येते, तेव्हाही फोन येतात. केगाव-नागावकडच्या सुट्टीच्या बंगल्यांची कामं उन्हाळ्यात. आणि एक गिऱ्हाईक असं मिळालं की ज्याचा कुणी विचार केला नव्हता: आपल्याच गावांतली हळद. आगरी-कोळ्यांकडची हळद म्हणजे रात्रभर माणसांचा पूर, मटणाच्या हंड्या, अंगणापासून गच्चीपर्यंत पिवळे पाय. दुसऱ्या दिवशी लग्न असतं आणि घरच्या बायकांच्या अंगात त्राण नसतं. आता काही घरं मांडववाल्याबरोबरच वहिनीलाही तारीख सांगून ठेवतात. हळदीचा डाग ओला असताना साबणाने नाही घासायचा, लालभडक होतो, हे तिला सांगावं लागत नाही. नोडमध्ये फाटकावर कोण-कुठले हा जो प्रश्न अडवायचा, तो गावात कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत असतं.

तरीही नवं गिऱ्हाईक ही रोजची काळजी आहे. कुणी बदली होऊन जातं, कुणी ॲपवरच्या पहिल्या सवलतीला भुलतं. ज्यांची घरं चमकली ते खूश असतात, पण शेजाऱ्याला सांगायचं राहून जातं. वाईट काम झालं तर लोक मजल्यामजल्यावर सांगतात, चांगलं झालं तर मनात ठेवतात. लहान धंद्याचं खरं नुकसान तिथे होतं, आणि ते भरून काढणं गिऱ्हाइकाच्याच हातात आहे.

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गावात, तुमच्या इमारतीत, अशा कुणी चार बायकांनी तुमचं घर मनापासून साफ केलं असेल, तर त्याच दिवशी पूर्ण पैसे द्या, आणि समोरच्या दारी जाऊन त्यांचं नाव व नंबर सांगा. फाटकावर त्यांचं नाव कायमचं लिहून ठेवायला सेक्रेटरीला सांगा. या आठवड्यातच सांगा, दिवाळीची वाट बघू नका. दिवाळीत त्यांना वेळ नसतो, काम हवं असतं ते फेब्रुवारीत.