पगाराची पाकिटं

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबाराबद्दल मला नितांत आदर आहे. तरी साताऱ्याचं नाव निघालं की माझं मन आधी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे धावतं. टिळकांचा हात सढळ. पैसा आला की दाराशी उभ्या असलेल्या गरजवंताकडे जायचा. मग चूल पेटायची कशी, आल्यागेल्याच्या पानात काय वाढायचं, याचा घोर लक्ष्मीबाईंना. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण मनमुराद हसतो आणि त्या ओढाताणीकडे आपलं लक्षच जात नाही. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही पुढे लक्ष्मीबाईंनीच तडीस नेलं! त्यांचा तो मीठमिरचीचा हिशेब मला भजनाइतकाच पवित्र वाटतो.

घरच्यांची ही काळजी बायबललाही पवित्रच वाटते. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वासच नाकारला, असा कडक निवाडा आहे. देवळात तो कमावत्या पुरुषांना ऐकवला जातो. पण तिथे विषय चालला आहे विधवांचा, म्हाताऱ्या आईचा, आजीचा. त्यांना मुलानातवंडांनी सांभाळावं, मंडळीवर भार टाकू नये, असं पौल सांगतो. आणि प्रभूने तर वधस्तंभावर, जीव जात असताना, आईला आपल्या लाडक्या शिष्याच्या हाती सोपवलं. जगाच्या तारणाच्या त्या घटकेतही आई कुठे राहील याची त्याला काळजी होती.

अशी काळजी मी आमच्या घरातही पाहिली. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभारला. लोकांच्या तोंडी तो मिशन हॉस्पिटल. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी ख्रिस्ती मुली मिरजेत सिस्टर झाल्या, आणि त्यांच्या पगारावर घरं उभी राहिली. माझी मावशी त्यांतलीच. रात्रपाळी करून आली की चहासुद्धा न घेता आधी आजीला अंघोळ घालायची. पगाराच्या दिवशी कॉटवर पाकिटं मांडायची. पेन्सिलीने वर लिहिलेलं असे: आईची औषधं, धाकट्याची फी, वाणी, दूध, देऊळ. औषधांचं पाकीट पहिलं भरायचं. देवळाचं कधी रिकामं राहिलं नाही, पण ते आईच्या आधीही कधी भरलं नाही. लग्नाचं पाकीट तिने केलंच नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. घर ओढणाऱ्या माणसाकडे घराने पाहायला हवं होतं.

आता मुलं पुण्या-मुंबईला गेली. कराडला, तासगावला, जतला कुणाचे वडील एकटेच भाकरी थापतात, कुणाची आई रविवारी बाकाचा आधार घेत उभी राहते. तुमचंही कुणी तिकडे असेल, तर या महिन्याचा पगार झाला की आधी घरी पैसे पाठवा, फोन करून औषधं संपलीत का विचारा. देवळाचा दशमांश त्यानंतर मोजा.