राजदूतवरून कोरपना

चंद्रपूरहून कोरपन्याला जायचे तर वर्धा नदी ओलांडावी लागते. आज तेथे केवळ एक पूल आहे. एके काळी हीच नदी दोन राजवटींची सीमा होती. अलीकडे इंग्रजांचा चांदा जिल्हा आणि पलीकडे निजामाचे राज्य, ज्याला जुनी माणसे ‘मोगलाई’ म्हणत. पलीकडचा राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याकडे आला. कोरपना हा त्याच जुन्या राजुऱ्याचा भाग.

गेल्या डिसेंबरात हा रस्ता मी माझ्या जुन्या राजदूतवरून केला. एस्कॉर्ट्स कंपनीची ही १७५ सीसीची गाडी. मूळ आराखडा पोलंडमधील एसएचएल गाडीचा. बँकेत शेतीकर्जाचे काम पाहत असताना हिनेच मला बांधाबांधावर नेले. टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागते, आणि पंपावरील तरुण मुले ते कुतूहलाने पाहत राहतात. उतारावर ॲक्सिलरेटर फार वेळ बंद ठेवू नये, कारण पेट्रोलबरोबरच वंगणही आटते. असल्या गाडीला ताशी चाळीसचा वेग पुरे होतो, आणि त्या वेगात शेते नीट दिसतात.

राजुऱ्यापर्यंत कोळशाचे ट्रक सोबत करतात. गडचांदूरजवळ रस्त्याकडेच्या झाडांची पाने करडी होतात, तेव्हा सिमेंटचा प्रदेश आला असे समजावे. दक्षिणेला माणिकगडाचे डोंगर उभे असतात. वरचा किल्ला नागवंशी माना राजांनी बांधल्याचे सांगतात आणि त्याच्या प्रवेशद्वारावर नाग कोरलेला आहे. गुडघ्यांचा विचार करून मी त्याला खालूनच नमस्कार केला आणि अमलनाला धरणाकडे थोडा वेळ बसलो.

पुढे कोरपन्याकडे काळी जमीन पसरली आहे. कापसाची वेचणी चालू होती आणि तूर शेंगांवर आली होती. या काळ्या मातीखाली चुनखडी आहे, हेच या भागाचे भाग्य आणि हाच त्याचा पेच. एक टन क्लिंकरसाठी सुमारे दीड टन चुनखडी लागते. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा ही नावे आपल्यापैकी सिमेंटचा व्यापार करणाऱ्यांना परिचित असतील. कापसाची अडत चालवणाऱ्यांना त्याच गावांच्या आसपासची शिवारे ठाऊक असतील. दोन्ही माल एकाच जमिनीतून निघतात, मात्र चुनखडी एकदाच निघते.

वाटेत एका जुन्या खातेदाराकडे थांबलो. त्यांना मी कधी काळी विहिरीसाठी कर्ज मंजूर केले होते. ती विहीर आता खाणीच्या कुंपणाच्या आत आहे. जमिनीचे पैसे आले, त्या दिवशीच त्यांनी उरलेले कर्ज एकरकमी भरले आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. बँकेच्या दृष्टीने याहून निर्मळ खाते नाही. उरलेल्या रकमेतून घर बांधले आणि मुलीचे लग्न झाले. मुलाने ट्रक घेतला, त्याचे हप्ते चालू आहेत.

चहा झाल्यावर त्यांनी विचारले, “साहेब, बाकीचे तीन एकर देऊ का ठेवू?”

मुदत ठेवीचे व्याज मी तोंडी सांगू शकलो असतो. तीन एकरांतील कापसाचे उत्पन्न त्यापुढे पुष्कळदा कमी भरते, हेही खरे. तरीही मी त्यांना म्हटले, “भाऊ, ट्रकच्या हप्त्यासाठी जमीन देऊ नका. ट्रक विकता येतो आणि पुन्हा घेता येतो. द्यायचीच झाली तर नोकरीचा शब्द लेखी घ्या, आणि ठेव वहिनींच्या व तुमच्या संयुक्त नावावर करा.” मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याला माझे म्हणणे पटले नसावे. त्याच्या वयाला मलाही पटले नसते. वहिनींनी मात्र ‘संयुक्त’ म्हणजे काय ते पुन्हा विचारून घेतले.

निघताना भाऊंनीच राजदूतला किक मारली. तिसऱ्या किकला ती सुरू झाली. घरची मुले ही गाडी विकण्याचा आग्रह धरतात, हे मी त्यांना सांगितले नाही. उजेड असेपर्यंत राजुरा गाठायचे होते, कारण हिचा दिवा इंजिनाबरोबर मंदावतो आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना तो दिसेलच असे नाही.