पसरणीच्या घाटातला पारा

उंचावर गेले की हवा गार होते, हे वाईकरांस कोणी शिकवावे लागत नाही; वैशाखात घरात जीव कासावीस झाला की पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठण्याचा जो परिपाठ येथे पडून गेला आहे, तोच या नियमाचा पुरेसा दाखला समजावा. मात्र वर गेल्याने आपण सूर्याच्या जवळच जातो, मग तेथे उकाडा अधिक का नसावा, असा सवाल हवामानशास्त्रात उभा जन्म काढलेल्या मजसारख्यास, विश्वकोशाच्या या गावातसुद्धा, दर उन्हाळ्यात कोणीतरी करतोच. १५ कोटी किलोमीटरांच्या अंतरात सहाशे मीटरांची मातब्बरी ती काय? सूर्यकिरण हवेला फारसे न तापवता जमिनीवर येतात, जमीन तापते, आणि तिच्या स्पर्शाने तापलेली हवा वर निघते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते, आणि फुगण्याचा खर्च तिला स्वतःच्याच उष्णतेच्या पुंजीतून भागवावा लागत असल्यामुळे निवते. सायकलच्या ट्यूबमधून फसकन सुटलेली हवा बोटाला गार लागते, तोच हा प्रकार. कोरडी हवा अशी किलोमीटरमागे सुमारे ९.८ अंश गमावते; आषाढातल्या बाष्पसंपृक्त हवेत ढग बनताना सुप्त उष्णता मोकळी होते, म्हणून तिचा तोटा पुष्कळ कमी; एकंदर वातावरणाची सरासरी ६.५ अंश धरतात. वाई सुमारे ७०० मीटरांवर, पाचगणी १,३०० च्या आसपास. म्हणजे हिशेबाने चारएक अंशांचा फरक.

हा हिशेब पौषातल्या पहाटे पार उलटतो. एकदा मफलर गुंडाळून, तापमापक घेऊन पहिल्या एसटीत बसलो. कृष्णेवर धुके असे दाट की ढोल्या गणपतीचे शिखर दिसेना. गाडी वळणे घेत चढू लागली आणि खिडकीबाहेर धरलेल्या नळीतला पारा उतरण्याऐवजी वर सरकू लागला.

"बिघडलंय वाटतं तुमचं," शेजारचे गृहस्थ सहानुभूतीने म्हणाले.

बिघडले काहीच नव्हते. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात उधळून बसते, तिच्यालगतची हवा गारठून जड होते, आणि उतारावरून ओढ्याच्या पाण्यासारखी ओघळत खोऱ्यात येऊन साठते. पुस्तकांत यास तापमानाची विपरीतता म्हणतात. मला हा शब्द रुचत नाही, कारण जड ते खाली बसले, यात विपरीत ते काय? महाबळेश्वरी हिमकण पडल्याची वार्ता छापून येते, तेव्हाही ते वेण्णा तलावाकाठी, लिंगमळ्याच्या सखल शिवारात, स्ट्रॉबेरीच्या पानांवर सापडतात. त्याहून उंच बाजारपेठेत बहुधा नुसता गारठा.

पाचगणीच्या सिडने पॉइंटवर पोचलो तेव्हा तेथे लख्ख ऊन होते, आणि खाली वाई, पसरणी, मेणवली एका पांढऱ्या तळ्यात बुडालेली. नऊच्या सुमारास ते तळे फाटले. शेतातल्या शेकोट्यांचा धूर थोडा वर येऊन, अदृश्य छताला टेकल्यागत आडवा पसरला होता. अर्ध्या तासाने तो सरळ वर चढू लागला.